ताजमधली एक रात्र: तुमचेही अनुभव लिहा

माळ्यावरची_मांजर

काल माळा काढला. मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात आईची शिवणाची बरणी, आणि तिच्यात एक चपटी पुडी. दोन सुया, चार रंगांचे दोरे, एक सेफ्टी पिन, शर्टाची दोन बटणं. वर ताज हॉटेलचं नाव. आईने त्यातला दोरा कधी तोडलासुद्धा नाही. आमच्या शाळेच्या शर्टांना मात्र कायम भलत्याच रंगाची बटणं असायची!

१९९६ साली बाबा गोदीतून रिटायर झाले. टॅली क्लार्क. जहाजातून किती गोणी उतरल्या, किती फाटल्या, ते मोजायचं काम. फंडाचे पैसे आल्यावर घरी येऊन म्हणाले, शनिवारी ताजला राहायचं. आईला वाटलं कुणाचं लग्न आहे. नाही म्हणाले, आपणच. काळाचौकीहून टॅक्सीने गेलो, तीही बाबांच्या आयुष्यातली बिनभांडणाची पहिली टॅक्सी असेल. खोली समुद्राच्या बाजूची. किती पैसे पडले ते आजतागायत सांगितलेलं नाही.

आईने पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. "तिथे काय खायला मिळतंय!" चहा घेऊन मुलगा आला तेव्हा नेमका डबा उघडा. आईने पदर टाकला त्यावर. तो म्हणाला, "काकू, चटणी सोलापूरची दिसतेय." मग दोन प्लेटी आणि वाटीभर दही आणून ठेवलं. सकाळच्या बिलात दही नव्हतं, बाबांनी दोनदा वाचलं बिल.

रात्री मला जाग आली तर बाबा खिडकीत खुर्ची ओढून बसलेले. मी म्हटलं झोपा की. म्हणे, झोपायला काळाचौकीचं घर आहे. मग मला उठवून दिवे दाखवले. पुढचा पांढरा दिवा उंच आणि मागचा खाली असेल तर बोट नांगरावर. हिरवा किंवा लाल दिसायला लागला की निघाली. ही आता आत येणार, हिला अजून धक्क्यावर बर्थ नाही. चौतीस वर्षं त्यांनी ह्याच बोटी पोटात शिरून मोजल्या, लांबून बसून बघितल्या नव्हत्या. पहाटेपर्यंत एकट्याने सगळ्यांची हजेरी घेतली.

निघताना आईने पलंग स्वतः आवरला, चादरीला घडी घालून. "लोक काय म्हणतील, उठून तसेच गेले."

तुमचं काही असेल तर लिहा. ताजच पाहिजे असं नाही. कुकर झाला, येते.

तिखटमीठ

चादरीची घडी 😂 माझी सासू अजून करते. ट्रेनच्या एसी डब्यात पण.

खिडकीची_सीट

राहिले नाही, पण ताजचा सर्वात जास्त वापर आम्ही केलाय. एल्फिन्स्टनला असताना कॉजवेवर फिरायचं आणि बाथरूमला ताजमध्ये जायचं. नियम एकच, दारावरच्या फेटेवाल्याकडे बघायचं नाही, घाईत असल्यासारखं सरळ चालायचं. माझी मैत्रीण तर "डॅडी वेट करत असतील" असं मोठ्याने म्हणायची. तिचे वडील परळला मिलमध्ये. एकदा आतल्या बाईंनी मला हात पुसायला नॅपकिन दिला, मऊ, घडीचा. मला कळेना हा परत द्यायचा की ठेवायचा. मी पर्समध्ये टाकला. आत्ता लिहिताना लाज वाटतेय.

सातारचा_कंदी

ताजबद्दल एक माहिती आहे का? इंग्रज आर्किटेक्टने नकाशा पाठवला, इथल्या लोकांनी उलटा बांधला, पुढचं मागे झालं. परत आल्यावर त्याने बघितलं आणि जीव दिला. गाईडने सांगितलंय आम्हाला.

पालवा_बंदर

कंदी साहेब, हा गाईड प्रत्येक पिढीला एक मिळतो. उलटं काही बांधलेलं नाही. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं व्हायच्या आत गेले, पुढचं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी केलं. दार पूर्वी शहराच्या बाजूला होतं, आता पोहण्याचा तलाव आहे तिथे. व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, तिथे येऊन थांबायच्या. समुद्राकडची बाजू खोल्यांना ठेवली, कारण वारा आणि देखावा तिकडे. एवढी साधी गोष्ट, पण त्यात कुणी जीव देत नाही म्हणून गाईडला चालत नाही.

आणि लोकांना वाटतं गेटवेसमोर हॉटेल काढलं. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला सुरू झालं, गेटवेचं उद्घाटन १९२४ चं. एकवीस वर्षं बोटीने येणाऱ्याला आधी ताजच दिसायचं. पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचं इस्पितळ होतं.

सातारचा_कंदी

मग वॉटसन हॉटेलात टाटांना शिरू दिलं नाही म्हणून बांधलं, ते तरी खरं का? का तेही गाईडचंच 🙏

पालवा_बंदर

सांगतात खूप जण, भक्कम पुरावा कुणी दाखवत नाही. वॉटसनची इमारत मात्र काळ्या घोड्याला अजून उभी आहे, लोखंडी सांगाड्याची. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा खेळ तिथेच झाला. त्याच्याखाली मी कित्येक वर्षं झेरॉक्स काढल्यात.

नऊवारी_ते_जीन्स

वैद्य म्हणजे आपलेच की! शाळेत कुणी सांगितलं नाही.

आमचा किस्सा ताजचा नाही, दिल्लीतलं एक मोठं हॉटेल, नाव नको. नवऱ्याच्या कंपनीने खोली दिली होती, सोबत सासरे. आम्ही बाहेर गेलो तेवढ्यात त्यांनी छोट्या फ्रिजवरच्या टोपलीतले काजू संपवले. आल्यावर म्हणाले, लोक चांगले आहेत हो, सुकामेवा ठेवून गेलेत. नवऱ्याने दरपत्रक दाखवलं. अप्पा काही बोलले नाहीत, चप्पल घातली आणि गेले. तासाभराने आले ते पाव किलो काजू घेऊन. डबीत मोजून भरले, वर झाकणाला पट्टी चिकटवली. उरलेले आम्हाला दिले आणि म्हणाले, "हे जास्त चांगल्या प्रतीचे आहेत, त्यांचा फायदाच झाला." तरी बिलात काजू लागलेच. त्यांना पट्टी कळली असणार. अप्पा रिसेप्शनवर वीस मिनिटं काजूच्या प्रतीवर बोलत होते.

तिखटमीठ

अप्पा 🙏🙏🙏

कोपरा_घडी

मांजरताई, तुमच्या आईने पलंग आवरला ते वाचून थांबले. मी दादरच्या केटरिंग कॉलेजची. ट्रेनिंगला एका पंचतारांकितमध्ये हाउसकीपिंगला होते, दिवसाला चौदा-पंधरा खोल्या. दर खोलीत तेच, चादर ओढायची, कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडून गादीखाली सारायचा, हाताने सपाट करायचा. पहिल्या आठवड्यात नखं तुटली सगळी.

आवरलेला पलंग दिसला की आम्ही ओळखायचो, इथे कुणाची तरी आई राहून गेलीय. काम कमी होत नाही हो त्याने, चेकआउट झाल्यावर सगळं लिनन काढावंच लागतं. घडी उलगडून परत लाँड्रीच्या ट्रॉलीत. पण एकदा अशाच एका पलंगावर चादरीच्या घडीवर चिक्कीचा तुकडा ठेवलेला होता, कागदात. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, खा, हा तुझाच आहे. पन्नास रुपयांची टीप मला आठवत नाही, चिक्की आठवते.

सुईदोऱ्याच्या पुड्या आम्ही भरायचो. लोक शाम्पू नेतात, स्लिपर नेतात, सुईदोरा तसाच राहतो. तुमच्या आई वेगळ्या.

खिडकीची_सीट

@कोपरा_घडी नॅपकिन परत पाठवू का? 😬

कोपरा_घडी

राहू दे गं. हिशोब कधीच बंद झाला.

लायन_सिटी

सिंगापूरला असतो. आई-बाबा आले तेव्हा रॅफल्सला नेलं, १८८७ चं हॉटेल. राहायला नाही हो, खिशाला तेवढी भोकं नाहीत. तिथल्या लाँग बारमध्ये शेंगांची पोती ठेवलेली असतात, सोलून टरफलं जमिनीवर टाकायची अशी पद्धत. बाकी सिंगापूरमध्ये कागद टाकला तर दंड, इथे कचरा करायला लावतात. आईने पाच मिनिटं बघितलं आणि टरफलं पायाने एका जागी गोळा करायला लागली. शेजारच्या टेबलाखालची पण. बाबा ताठ बसून म्हणाले, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." वेटर चिनी, आम्ही तिघं हसतोय, त्याला काय कळणार. त्याला लोकमान्य टिळक समजावून सांगायचा प्रयत्न केला मी. नाही जमलं.

सातारचा_कंदी

हाहाहा, टिळक सिंगापूरला!

बेस्ट_नं_१

लोकलमध्ये आहे, थोडक्यात लिहिते. मी कुलाब्याची. २००८ च्या हल्ल्याचे ते तीन दिवस आमच्या गच्चीवरून घुमटाखालचा धूर दिसत होता. टीव्ही बंद केला तरी आवाज यायचा. माझ्या वर्गातल्या मुलाचा भाऊ तिथे किचनमध्ये होता, वाचला. आत एकतीस जण गेले. त्यात कर्मचारी किती तरी. पाहुण्यांना मागच्या वाटेने बाहेर काढता काढता गेले. ताजचा टॉवर त्याच डिसेंबरात उघडला, जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला. आम्ही त्यानंतर पहिल्यांदा आत गेलो ते लॉबीतल्या नावांच्या फलकापाशी उभं राहायला. चहा वगैरे नाही घेतला.

दादर आलं.

माळ्यावरची_मांजर

🙏 बाबा ते तीन दिवस जेवले नव्हते नीट. आपली खोली कुठली होती एवढंच विचारत होते सारखे. आईला आठवत होतं, ती सांगत नव्हती.

तिखटमीठ

ताजच्या सी लाउंजला कुणी गेलंय का? पुढच्या महिन्यात आमचा पंचविसावा वाढदिवस (लग्नाचा, माझा नाही). नवरा म्हणतो बडेमियाँला कबाब खायला जाऊ.

पालवा_बंदर

सी लाउंज पहिल्या मजल्यावर. खिडकीजवळचं टेबल मागा, आधी फोन करून. दुपारच्या चहाबरोबर शेवपुरी-भेळही मिळते. पारशी, गुजराती घरांतले मुलगी बघायचे कार्यक्रम तिथे व्हायचे, म्हणजे त्यांचे कांदेपोहे समजा.

नऊवारी_ते_जीन्स

आमचे कांदेपोहे डोंबिवलीला झाले, खिडकीतून रेल्वेचं यार्ड दिसत होतं. टिकलं की!

तिखटमीठ

गाडी कुठे लावायची तिकडे? की टॅक्सीच बरी?

पालवा_बंदर

टॅक्सी. रीगल टॉकीजपाशी गाडी लावायला जागा शोधाल तर सव्विसावा वाढदिवस उजाडेल. येताना चर्चगेटपर्यंत चालत या, संध्याकाळी बरं वाटतं.

माळ्यावरची_मांजर

बाबांना सगळं वाचून दाखवलं. वैद्यांचं ऐकून खूश. अप्पांच्या काजूला एवढे हसले की ठसका लागला. आणि माझी चूक काढली. मी लिहिलंय पहाटेपर्यंत, तर म्हणे साडेतीनला तुझी आई उठली, दोघांनी खिडकीत बसून उरलेल्या दोन दशम्या खाल्ल्या, तू घोरत होतीस. हे मला आज कळतंय. किती पैसे पडले हे परत विचारलं तर म्हणे दिवे मोजलेस का तू? नाही ना? मग.

सुईदोरा परत बरणीत ठेवायला सांगितलाय.

लायन_सिटी

ताई, दशमी दुधात भिजवायची की गुळाच्या पाण्यात? आई फोन उचलत नाहीये आणि इकडे कणिक मळायला घेतलीय.

माळ्यावरची_मांजर

आमच्याकडे दुधातच. पाण्याचा थेंब नाही, म्हणून प्रवासात टिकते. गूळ घालायचा तर दुधातच विरघळवायचा, गरम दुधात नाही, फाटतं. तेल चमचाभर जास्त.

लायन_सिटी

गरम दुधात घातला 😐