बोलू न शकणाऱ्या रुग्णाला दुखतंय हे ओळखायचं कसं?

मंजिरी_क
८४ वर्षांच्या आजी, अल्झायमर बराच पुढे गेलेला, वजन ४२ किलो. सलग वाक्य बोलत नाहीत. गेल्या पंधरवड्यापासून सकाळी कपडे बदलायला घेतलं की हात झटकतात, ओरबाडतात. एरवी शांत पडून असतात. "दुखतंय का?" विचारलं तर "नाही", नाहीतर काहीच उत्तर नाही. नाडी, रक्तदाब, ताप सगळं नॉर्मल. पॅरासिटामॉल "लागेल तेव्हा" असं लिहून दिलंय, आणि आता शांत करणारी गोळी सुरू करायचं चाललंय. हे दुखणं आहे की आजारामुळे आलेली चिडचिड, हे ठरवायचं कसं?

निशिगंध
एरवी शांत आणि हात लावला की झटापट, यात आधी दुखण्याचाच संशय घ्यायचा. नाडी-रक्तदाब नॉर्मल असण्यावर काही ठरत नाही. जुनाट दुखण्यात ते बऱ्याचदा नॉर्मलच असतात.

बोलू न शकणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी पेनॅड नावाची मोजपट्टी २००३ पासून वापरात आहे. पाच गोष्टी बघायच्या: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची हालचाल, आणि समजूत घातल्यावर शांत होतात का. प्रत्येकीला ० ते २, एकूण १०. उदाहरणार्थ, कपाळाला आठ्या किंवा घाबरलेला चेहरा १, वेदनेने वाकडा झालेला चेहरा २. अंग ताणलेलं, चुळबुळ चाललेली तर १. मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले, ढकलणं-मारणं असेल तर २.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: लोक रुग्ण पडून असताना आकडा लिहितात आणि शून्य येतो. कूस बदलताना, बाही घालताना, बसतं करताना पाचेक मिनिटं बघा. निवांत असतानाचा आणि हालचालीतला, असे दोन आकडे वेगवेगळे लिहा. रोज तीच वेळ, तेच काम, शक्यतो बघणारी व्यक्तीही तीच.

विचारण्याची पद्धतही बदला. "दुखतंय का" हा प्रश्न फार मोघम आहे. दंडावर हात ठेवून "इथे ठणकतंय?", "टोचतंय?", "अवघडलंय?" असं एकेक विचारा आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. घाईत दुसरा प्रश्न विचारला की पहिला पुसला जातो.

अर्धविराम
निशिगंध यांच्याशी सहमत, एक पुस्ती. ही मोजपट्टी त्रास मोजते, त्याचं कारण सांगत नाही. भीती, थंडी, भूक, ओला डायपर यांनीही चार-पाच गुण सहज येतात. उलट पार्किन्सनमध्ये चेहरा हलतच नाही, त्यामुळे गुण खोटे कमी येतात. म्हणून "अमुक आकड्याच्या वर म्हणजे दुखतंय" असं करू नका. त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा काय बदललं ते बघा.

आता शोधायचं कुठे:
- तोंड: हललेला दात, कवळीखालचा व्रण. जेवताना एकाच बाजूने चावतात का?
- खांदे: कपडे बदलतानाच त्रास असेल तर माझा पहिला संशय इथेच. काखेत हात घालून ओढून उठवल्याने खांदा हमखास दुखावतो.
- पोट: शौचाला शेवटचं कधी झालं? पातळ डाग लागतायत म्हणून पोट साफ आहे असं समजू नका. शौचाचा कडक खडा आत अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपतं. बेंबीखाली फुगीर लागलं तर लघवी तुंबली असेल.
- माकडहाड, टाचा, घोटे: लालसर डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती शय्याव्रणाची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात.
- मांडीचा सांधा: पडल्याचं कुणी पाहिलं नसलं तरी फ्रॅक्चर असू शकतं. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा अचानक उभं राहणं सोडलं, तर त्याच दिवशी एक्स-रे.
- वाढलेली, आत रुतलेली नखं. फार साधी गोष्ट, म्हणून राहून जाते.

खांदा निघाला तर: दुखऱ्या हाताची बाही आधी घालायची, काढताना शेवटी. पुढून उघडणारे कपडे. काखेतून ओढणं बंद.

मात्रा_बिंदू
औषधाबद्दल. जो मागू शकत नाही त्याला "लागेल तेव्हा" लिहिणं म्हणजे न देणंच. डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या.

प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, पण ती ४२ किलोच्या अशक्त देहासाठी नाही. एका वेळी किलोला १५ मिग्रॅ धरले तर ६३० होतात, म्हणजे १ ग्रॅम नकोच. ५०० मिग्रॅ तीन किंवा चार वेळा, दोन डोसांत किमान सहा तास. यकृताचा त्रास किंवा खाणं अगदी कमी असेल तर डॉक्टर आणखी कमी करतील. सर्दीच्या आणि ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही बेरजेत धरा.

गोळीचा परिणाम अर्ध्या ते एक तासात येतो. सकाळचा डोस कपडे बदलण्याआधी तितका वेळ द्या, बदलून झाल्यावर नाही. आठवडाभर नियमित देऊन हालचालीतला आकडा आधीच्याशी ताडून बघा. उतरला तर दुखणं होतं असं धरायला जागा आहे. नॉर्वेतल्या ३५२ वृद्धाश्रमवासी स्मृतिभ्रंश रुग्णांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे अशी पायरीपायरीने वेदनाशामकं दिली; बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल पुरलं आणि अस्वस्थपणा लक्षणीय कमी झाला. शांत करणाऱ्या गोळीने ओरबाडणं थांबेल, पण दुखणं असेल तर ते तसंच राहील, शिवाय तोल जाऊन पडण्याचा धोका वाढेल.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं स्वतःहून सुरू करू नका. रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर या तिघांच्या जोडीने मूत्रपिंड झटकन बिघडतं.

मंजिरी_क
धन्यवाद. गोळी थुंकून टाकतात. कुटून दिली तर चालेल का? आणि कुणीतरी फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा, कातडीवर चिकटवायचा पॅच सुचवलाय.

मात्रा_बिंदू
साधी गोळी कुटता येते, पण कडू लागते; सिरप बरं. पातळ गिळताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी. गुदमार्गे द्यायची वडीही मिळते. "एसआर", "ईआर" लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कधीही कुटायची नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळीत सोडियम भरपूर असतं. हृदयविकार असेल तर टाळा.

पॅचला ठाम नकार. अफूवर्गीय औषधाची सवय नसलेल्या माणसाला फेंटानिल पॅच लावला तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. ताप किंवा शेकाने शोषण आणखी वाढतं, आणि पॅच काढला तरी कित्येक तास औषध रक्तात उतरत राहतं. पुढे अफूवर्गीय काही लागलंच तर अगदी लहान डोसाने, आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध. इसबगोल मात्र नको, पाणी कमी पिणाऱ्यांत तेच आत घट्ट होऊन बसतं.