मदत हवी आहे : छेद असलेलं समीकरण, उत्तर जुळत नाही

फोंडा_पालक
आठवीतल्या मुलीचं उदाहरण:
(क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = ४
तिचं उत्तर एकदा २५ आलं, एकदा −३. पुस्तकात १७ दिलंय. चूक नेमकी कुठे होते? शब्दांतली उदाहरणंही मांडता येत नाहीत.

गणित_म्हापसा
दोन्ही उत्तरांवरून चूक ओळखता येते. आधी रीत. २ आणि ३ चा लसावि ६, म्हणून प्रत्येक पदाला ६ ने गुणायचं:

३(क्ष + १) − २(क्ष − २) = २४
३क्ष + ३ − २क्ष + ४ = २४
क्ष + ७ = २४
क्ष = १७

२५ आलं तेव्हा दुसरा कंस चुकला. −२ गुणिले −२ म्हणजे +४. तिथे −४ लिहिलं गेलंय. अपूर्णांकाची रेघ अख्ख्या अंशाला कंसासारखी बांधून ठेवते. रेघ गेली की मुलं कंस घालत नाहीत आणि उणे चिन्ह फक्त क्षला लागतं. म्हणून छेद काढण्याआधीच अंशांना कंस घालायला लावा. ही ओळ अजिबात गाळू देऊ नका, निम्म्या चुका इथेच होतात.

−३ आलं तेव्हा उजवीकडचा ४ गुणायचा राहिला. त्याला छेद दिसत नाही म्हणून तो सुटतो. सुरुवातीला ४/१ असा लिहायचा.

मडगाव_शिकवणी
ताळा मूळ समीकरणातच घ्या : १८/२ − १५/३ = ९ − ५ = ४. चुकलेल्या मधल्या ओळीत २५ घातले तर तीही जुळते, आणि चूक लपून राहते.

फोंडा_पालक
कंसाचं लक्षात आलं, आभार. शब्दांतल्या उदाहरणांचं काय करू?

गणित_म्हापसा
हे घ्या. म्हापशाच्या बाजारात १२ नारळ घेतले, मोठे ४५ रुपयांना एक, लहान ३० रुपयांना एक, एकूण ४३५ रुपये झाले. मोठे किती?

‘नारळ = क्ष’ लिहू देऊ नका; त्यात संख्या की किंमत हेच कळत नाही. ‘मोठ्या नारळांची संख्या क्ष’ असं पूर्ण वाक्य हवं. मग लहान आपोआप १२ − क्ष होतात.

४५क्ष + ३०(१२ − क्ष) = ४३५
१५क्ष + ३६० = ४३५
१५क्ष = ७५
क्ष = ५

दोन्हींना क्ष धरलं तर ७५क्ष = ४३५, म्हणजे ५.८ नारळ. असं उत्तर आलं की आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका, मांडणी तपासा.