हर्क्युलिस एक्स-१ चा ३५ दिवसांचा चढउतार कशाचा?

विश्रामबाग, सांगली
बी.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी जपानच्या 'मॅक्सी' या अवकाश स्थानकावरच्या क्ष-किरण दुर्बिणीची आकडेवारी उतरवून हर्क्युलिस एक्स-१ चा (न्यूट्रॉन तारा आणि साधा तारा यांच्या जोडीचा) क्ष-किरणांचा आलेख काढतोय. १.२४ सेकंदांचं स्पंदन न्यूट्रॉन ताऱ्याच्या फिरकीचं आणि दर १.७ दिवसांनी होणारं ग्रहण जोडीदारामुळे, इथवर कळलं. पण आलेखात ठसठशीत दिसतो तो ३५ दिवसांचा फेरा: दहा-अकरा दिवस झगझगीत, मग जवळपास काहीच नाही, मधेच थोडा उजेड, पुन्हा काही नाही. तिसरा तारा आहे का? की जोडीदाराकडून न्यूट्रॉन ताऱ्यावर पडणारा वायूच कमी-जास्त होतो?

साताऱ्याची ताई
दोन्ही नाही रे. वायू थेट ताऱ्यावर पडत नाही, आधी त्याची तबकडी होते. ती कक्षेच्या पातळीत सपाट नसून तिरकी आहे, तळताना मुरडलेल्या पापडासारखी वाकलेली. ताऱ्याच्या क्ष-किरणांच्या दाबानेच अशी तबकडी मुरडू शकते, हे प्रिंगल यांनी १९९६ मध्ये दाखवलं. तिचा तिरकेपणा सुमारे ३५ दिवसांत एक फेरा घेतो आणि तिची कड मधे येऊन तारा आपल्यापासून झाकते.

वायू आटत नाही याचा पुरावा मला फार सुंदर वाटतो. जोडीदार एचझेड हर्क्युलिसची न्यूट्रॉन ताऱ्याकडची बाजू क्ष-किरणांनी तापते, म्हणून दर १.७ दिवसांनी तो १३ ते १५ प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) दरम्यान वर-खाली होतो. आपल्याला क्ष-किरण दिसत नसतात तेव्हाही हे चालूच! १९८३ मध्ये क्ष-किरण कित्येक महिने जवळपास गायब होते, तरी जोडीदार तापतच होता.

मिरजेचा निरीक्षक
ताईंचं बरोबर. फक्त ३५ चा आकडा घड्याळासारखा धरू नकोस, फेरे थोडे पुढे-मागे सरकतात. एसएमसी एक्स-१ या अशाच दुसऱ्या जोडीमध्ये तर ४० पासून ६५ दिवसांपर्यंत जातात. एसएस ४३३ या वायूचे झोत फेकणाऱ्या जोडीमध्ये १६२ दिवसांचा फेरा त्याच्या झोतांच्या वर्णपटातच दिसतो.

विश्रामबाग, सांगली
ताई, मग एचझेड हर्क्युलिस इथून टिपता येईल का? कॉलेजात आठ इंची दुर्बीण आहे.

साताऱ्याची ताई
कॅमेरा लावलास तर नक्की. शौरी, म्हणजे हर्क्युलिसचा तारकासमूह, एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर चांगला वर असतो. पाऊस लागायच्या आत उरकायचं. शहराच्या उजेडापासून लांब जा, रोज शेजारचे तेच दोन-तीन तारे तुलनेला घे आणि प्रत्येक फोटोची वेळ नीट लिहून ठेव. नंतर तोच आलेख मॅक्सीच्या आलेखाखाली लावून बघ. झाला की इथे टाक, मला बघायचाय.