प्रतिसाद: कोयता, वाढं आणि 'एन्ट्री'

'कायदा कडक केला की ऊसतोडीतला घोळ मिटेल' हे म्हणणं पटलं नाही. आमच्या वाळवा तालुक्यात तोड चालते ती रिवाजावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब जोडीचा, त्यात बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही (कायदा हवा तो इथं!). उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या शब्दावर; वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा, तोडणाऱ्या टोळीचं.

गेल्या हंगामात ट्रॅक्टरवाल्यानं फडातच इंजिन बंद करून 'एन्ट्री', म्हणजे ऊस न्यायचे वरचे पैसे, मागितली. मी कुरकुरलो, तर शेजारचे काका म्हणाले, "दे बाबा, सगळेच देतात." एकट्यानं नाही म्हटलं तर वाळणार माझाच ऊस. हा रिवाज मोडायचा तर अख्ख्या शिवारानं एकदम नाही म्हणायला हवं. आमच्या पाणंदीवरचे सातजण तयार आहेत, आठवा फोन उचलत नाही.