आईचं कल्चर क्लिअर, अँटिबायोटिक संपलं, तरी कफ थांबत नाहीये. असं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणारे, सांभाळून घ्या. आई ६७ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी सीटी स्कॅनमध्ये ब्रॉन्किएक्टॅसिस निघालं, म्हणजे श्वासनळ्या काही ठिकाणी कायमच्या रुंद आणि सैल झाल्यात. गेल्या महिन्यात ताप आला, कफ हिरवा झाला, थुंकीच्या कल्चरमध्ये (म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी) हिमोफिलस इन्फ्लुएंझा निघाला (नाव फ्लूसारखं असलं तरी हा बॅक्टेरिया आहे, मलाही तेव्हाच कळलं). १४ दिवसांचा कोर्स केला, ताप गेला, परत केलेलं कल्चर 'नो ग्रोथ'. म्हटलं सुटलो.

कसलं काय! पहाटे पाचला आई पलंगाच्या कडेला बसून खाकरत असते, अर्धा अर्धा तास, एका हाताने उशी घट्ट धरून. परवा कफाची डबी चुकून तशीच खिडकीत राहिली, नंतर बघते तर आत सरळ तीन थर, वर फेस, मधे पाण्यासारखं आणि तळाला घट्ट पिवळट गाळ. (जेवताना वाचत असाल तर सॉरी.)

प्रश्न एवढाच की जंतू गेले तर हा कफ बनवतंय कोण? डॉक्टर म्हणाले इन्फ्लमेशन म्हणजे सूज आहे, वेळ लागेल, आणि पुढचा पेशंट आत आला. भाऊ म्हणतो अजून एक कोर्स मारू. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते त्याला सांगता येत नाहीये.

प्रतिसाद १
ताई, कफ जंतू बनवत नाहीत, आपलंच शरीर बनवतं. श्वासनळीच्या अस्तरात गॉब्लेट पेशी असतात, त्यांच्यात म्युसिन नावाचं प्रोटीन अगदी कोंबून भरलेलं असतं, बाहेर पडलं की पाणी ओढून काही शे पट फुगतं. बॅक्टेरियाच्या आवरणाचे तुकडे पेशीवरच्या रिसेप्टरला लागले की म्युसिनचं उत्पादन वाढतं, आणि आयएल-८ सारखे सिग्नल सुटतात, त्या हाकेला न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशी धावत येतात. खरी गोम इथेच आहे. त्या जंतू मारायला इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात, पण तेच इलास्टेज गॉब्लेट पेशींना आणखी कफ सोडायला लावतं आणि कफ वर ढकलणाऱ्या सिलियांची, म्हणजे सेकंदाला १०-१५ वेळा हलणाऱ्या बारीक केसांची, पण वाट लावतं. वर मेलेल्या न्यूट्रोफिलचा डीएनए कफात मिसळतो म्हणून तो असा चिकट. म्हणजे जंतू कमी झाले तरी पाहुणे घर सोडत नाहीत! वाढलेल्या गॉब्लेट पेशी पण लगेच कमी होत नाहीत.

हिरवा रंगसुद्धा बहुतेक वेळा न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या हिरव्या एन्झाइमचा असतो, त्यामुळे नुसता रंग बघून कोर्स सुरू करणं मला तरी चुकीचं वाटतं. कफ साठतो, त्यात परत जंतू वाढतात, परत सूज, परत कफ, या चक्राबद्दल पीटर कोल या संशोधकांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलंय. फक्त एक, 'नो ग्रोथ' म्हणजे एकही जंतू नाही असं नसतं, सॅम्पल औषध चालू असताना दिलं असेल तर वाढ दबलेली असते.

प्रतिसाद २
मी स्वतः पेशंट, ११ वर्षं झाली. मला गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग कफ रोज बाहेर काढण्याचा झालाय. चेस्ट फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, हळू श्वास, मग दोन-तीन खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून 'हफ्' करून हवा सोडायची, आरशावर वाफ धरतो ना तसं पण जोरात. नुसतं खोकत बसलं की माणूस दमतो आणि कफ तिथेच. नेब्युलायझरमधून खारट सलाइन घेतात पण पहिला डोस डॉक्टरांसमोर, काहींची छाती आवळते.

धागाकर्ती
बापरे, आता कळलं. म्हणजे तळाचा गाळ हा बऱ्यापैकी मेलेल्या पांढऱ्या पेशींचा! भावाला हे वाचायला देते. अजून एक, घरात खोकला दाबायचं सिरप पडलंय, रात्रीपुरतं देऊ का? तिची झोप होत नाहीये हो.

प्रतिसाद १
मनाने नको. सिलिया आधीच थकलेत, खोकला हीच एक वाट उरलीये, तीही बंद केली तर कफ तिथेच तुंबणार. त्यापेक्षा झोपायच्या तासभर आधी ड्रेनेज, म्हणजे वर सांगितलंय तसं कफ बाहेर काढणं, करून बघा. आणि वर्षात असा त्रास तीनदा किंवा जास्त होत असेल तर कमी डोसच्या अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबद्दल विचारा, ते काही महिने देतात, त्यात सूज कमी करणं हाही हेतू असतो, पण आधी ईसीजी आणि थुंकीत क्षयाच्या जातीतले जंतू नाहीत ना हे बघावं लागतं. कफात रक्त, परत ताप किंवा बसल्या जागी धाप लागली तर मात्र इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती
रक्त नाही, ताप नाही. गेल्या १२ महिन्यांतले कोर्स आत्ता मोजले, चार निघाले. फाइल घेऊन सोमवारी जाते, काय म्हणतात ते इथेच टाकते.