मॅच जिंकली तरी रेटिंग उतरलं, हे कसं? (स्क्वॉश) मदत हवी आहे

साहेबाच्या_गावात: काल लीगची मॅच ३-२ ने काढली. आज सकाळी बघतो तर माझं रेटिंग खाली आणि हरलेल्याचं वर! कुणी सांगेल का हा काय प्रकार आहे? तक्रार कुठे करायची? जरा लवकर सांगा, शनिवारी पुढची मॅच आहे.

चौसष्ट_घरं: शक्यच नाही. लेक बुद्धिबळ खेळते, त्यामुळे त्यातली रेटिंगची इलो पद्धत तोंडपाठ आहे. जिंकणाऱ्याचे गुण कमी होतच नाहीत. बरोबरीच्या खेळाडूला हरवलं आणि के (म्हणजे एका डावात गुण जास्तीत जास्त किती हलू शकतात तो आकडा) २० असेल तर सरळ १० वाढतात. तुमचा निकाल उलटा भरला गेलाय.

टिनची_पट्टी: अहो, आधी कुठलं रेटिंग ते तर सांगा. देश? समोरच्याचा आकडा? गेमचे स्कोअर?

साहेबाच्या_गावात: इंग्लंड. काउंटी लीगवाले वापरतात तेच, आणखी कुठलं असणार? मी १२०० होतो, आता ११७०. तो ८०० च्या आसपास. स्कोअरचा काय संबंध? जिंकलो ना!

पुणे_५२: बॉल कुठला होता? थंडीत दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल नीट तापला नाही तर उसळतच नाही. एका ठिपक्याचा वापरून बघा.

टिनची_पट्टी: स्कोअरचाच तर संबंध आहे. टाका.

साहेबाच्या_गावात: ११-९, ८-११, ११-७, ९-११, ११-९.

टिनची_पट्टी: झालं की मग. तिकडे बहुतेक ठिकाणी स्क्वॉशलेव्हल्स या रेटिंग पद्धतीचे आकडे चालतात, आणि त्यांचा हिशोब गुणोत्तराचा असतो. १२०० भागिले ८०० म्हणजे दीड. तुम्ही त्याच्या दीडपट चांगले, तर पॉइंटही साधारण दीडपट मिळायला हवेत. थोडक्यात तिन्ही गेम ११-७ च्या आसपास. तुमचे झाले ५०, त्याचे ४७. दीडपट राहिलं बाजूला, जेमतेम १.०६ पट! मग तुम्ही थोडे खाली, तो थोडा वर. एका मॅचवर सगळा फरक लादत नाहीत, दाबून घेतात, म्हणून ३० वरच निभावलं. गेम किती जिंकल्या तेही धरतात, पण पाच गेमपर्यंत गेल्यावर तिथेही फार हाती लागत नाही.

चौसष्ट_घरं: हा अन्याय आहे. वीस चालींत मात केली काय नि ऐंशी चालींत केली काय, गुण तेवढेच. जिंकणं म्हणजे जिंकणं.

टिनची_पट्टी: बुद्धिबळात एका डावातून एकच निकाल हाती येतो. इथे ९७ रॅली झाल्या. एवढी माहिती हातात असताना फेकून कशाला द्यायची?

चौसष्ट_घरं: आणि पुढे असलेला माणूस मुद्दाम सैल खेळला तर? नवीन ड्रॉप (पुढच्या भिंतीजवळ हळूच टाकायचा फटका) करून बघत असेल तर?

टिनची_पट्टी: त्याचीही थोडी सोय असते. फार तफावतीच्या मॅचचा परिणाम कमी धरतात. मैत्रीच्या मॅचपेक्षा लीग किंवा स्पर्धेला वजन जास्त. पण दोन गेम घालवल्यावर ‘मी सैल खेळत होतो’ हे कोण ऐकणार?

जुना_मार्कर: हे सगळं प्रत्येक रॅलीला पॉइंट द्यायला लागल्यापासूनचं. आमच्या वेळी नऊची गेम. सर्व्हिस हातात असेल तरच पॉइंट. चाळीस मिनिटं घाम गाळून ९-० ने हरलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा पॉइंटांचं गुणोत्तर काढलं असतं तर बिचाऱ्यांचं रेटिंग शून्यावर गेलं असतं. तोच खेळ खरा. सर्व्हिस मिळवायलाच जीव जायचा.

पुणे_५२: +१. बाकी २०२८ ला लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश आहे, ते ठरलं आपल्या मुंबईत. ऑक्टोबर २०२३ ची आयओसीची (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची) बैठक, बीकेसीत झालेली. मला त्या सुमाराला बीकेसीत जायला दीड तास लागला होता.

जुना_मार्कर: बीकेसीत कधी कमी लागतो?

साहेबाच्या_गावात: रेटिंगचं बोला हो. शनिवारचा माणूस १५०० चा आहे. म्हणजे त्याच्याशी हरूनही माझं वाढू शकतं?

टिनची_पट्टी: वाढू शकतं. १५०० भागिले ११७० म्हणजे १.२८. त्याच्या ११ ला तुमचे साडेआठ अपेक्षित. तीनही गेममध्ये ९ काढलेत तर ३-० हरूनही थोडंफार वर जाल. ११-५ ने धुलाई झाली तर आणखी खाली.

चौसष्ट_घरं: हरून वर, जिंकून खाली. धन्य आहे.

पुणे_५२: १५०० वाल्याशी खेळताना गॉगल घाला. ती माणसं रॅकेट लांब फिरवतात.