६० अंशांना पंखा १०० टक्के? कशासाठी?

मंद_वारा
परवा एकाने ठणकावून लिहिलं: 'ग्राफिक्स कार्ड ७० च्या वर गेलं की आयुष्य घटतं, आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचे पंखे आणि वेग बदलायचं सॉफ्टवेअर) ६० अंशांना पंखा १०० टक्के करा आणि विसरा.' लोक खरंच तसं करतात, मग 'फार आवाज करतं' म्हणून कार्ड विकायला काढतात. अहो, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० कार्डाचं मूळ तापमान-टार्गेटच ८३ आहे! ६४ ऐवजी ७२ वर चाललं तर बूस्ट क्लॉक (कार्ड आपोआप गाठतं तो वेग) १५ मेगाहर्ट्झच्या एक-दोन पायऱ्या उतरतो, बस. उलट पंखा २००० वरून १६०० आरपीएमवर आणला की आवाज सुमारे ५ डेसिबलने पडतो.
कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती, असा ठेवा: ५० पर्यंत ३० टक्के, ६० ला ४०, ७० ला ५५, ७८ ला ७०, ८५ ला १००. हिस्टेरेसिस, म्हणजे तापमान किती अंश उतरल्यावर पंखा मंदावायचा ते, मुळात शून्य असतं, ते ४-५ करा. नाहीतर सीमेवर पंखा सारखा चढतो-उतरतो. एकसुरी आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही. आणि विंडोजबरोबर सुरू होण्याची टिक लावा, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं जैसे थे.

विदर्भी_वॅट
एसीत बसून कर्व्ह सांगणं सोपं आहे भाऊ. नागपुरात मे महिन्यात खोलीतच ३८ असतं. खोली १० अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर जातं, मग तुमचे ७२ कुठे राहिले? शिवाय तुम्ही फक्त कोअर, म्हणजे मुख्य चिप, बघताय. ३०८० ची मेमरी जीडीडीआर६एक्स प्रकारची. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी जंक्शनचा (मेमरी चिपच्या आतल्या तापमानाचा) आकडा बघा: कोअर ७० असताना तिथे १०० च्या वर दिसू शकतं, आणि ११० ला कार्ड स्वतःच मेमरीचा वेग कापतं. आफ्टरबर्नरचा कर्व्ह कोअरवर चालतो, मेमरीचं त्याला सोयरसुतक नाही.

नऊशे_एमव्ही
दोघंही पंख्यालाच धरून बसलात. उष्णताच कमी करा ना! आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबा, व्होल्टेज आणि वेगाची रेघ उघडते, तिच्यावरचा ९०० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर न्या, त्यापुढची रेघ सपाट करा, अप्लाय. कमी व्होल्टेज, कमी उष्णता. हे कार्ड तापलेलं असताना करा, थंड कार्डावर रेघ वेगळी असते. रे ट्रेसिंगवाला गेम तासभर चालवा. क्रॅश झाला तर ३० मेगाहर्ट्झ खाली या.

जाळीवाला
आणि ती उष्णता जाणार कुठे? समोर काच लावलेलं कॅबिनेट म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात कॅबिनेटचे पंखे बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सीपीयूच्या तापमानाला बांधलेले. गेममध्ये सीपीयू ६० वर निवांत, म्हणून पंखे झोपलेले, आणि कार्ड आत ३०० वॅट ओतणार. फॅनकंट्रोल हे सॉफ्टवेअर टाका, सीपीयू आणि जीपीयूचे (ग्राफिक्स चिपचे) दोन कर्व्ह करा, 'मिक्स'मध्ये 'मॅक्स' निवडा, म्हणजे जो कर्व्ह जास्त मागेल तो चालेल. आधी बाजूचं पॅनल काढून १५ मिनिटं गेम चालवा. कार्ड ५ अंशांहून जास्त उतरलं तर दोष कर्व्हचा नाही, कॅबिनेटचा.

नऊशे_एमव्ही
झालं, आला काचेवर. विषय काय, चाललंय काय.

जाळीवाला
विषय हाच आहे! रंगीत दिव्यांसाठी पैसे मोजायचे आणि हवेसाठी कंजुषी करायची. समोर जाळी, तिथून दोन १४० मिमी आत, मागे एक १२० बाहेर, एवढं पुरतं. वर पुढच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा पंखा लावू नका, आत आलेली थंड हवा कार्डाला भेटण्याआधीच तो ओढून नेतो.

विदर्भी_वॅट
जाळीतून धूळ कोण काढणार, तुम्ही येणार का? इकडे आठवड्यात फिल्टर बुजतो.

जाळीवाला
फिल्टर नळाखाली धुवा, दोन मिनिटांचं काम. कार्डावर ब्लोअर मारताना मात्र पाती बोटाने धरा. मोकळी सोडली तर मर्यादेबाहेर फिरतात आणि बेअरिंग खराब होतं.

मंद_वारा
काचपुराण संपलं असेल तर बोलतो. मेमरीचा मुद्दा घेतो: ३०८० वाल्यांनी ७० ला ५५ ऐवजी ६५ ठेवा. नागपूरकरांनी उन्हाळ्याचा कर्व्ह प्रोफाइल २ मध्ये सेव्ह करावा, आफ्टरबर्नरमध्ये पाच जागा आहेत. ६० ला १०० मात्र नाही म्हणजे नाही.

विदर्भी_वॅट
६५ वर आलात, हेही नसे थोडके. मेमरी तरीही १०४ च्या खाली येईना तर पंख्याला दोष देऊ नका. मेमरी आणि कूलरमधले थर्मल पॅड बदला, पण आधी जुन्यांची जाडी मोजा. जाड पॅड बसवले तर कूलर कोअरला नीट टेकत नाही, मग हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) चढतो.

जाळीवाला
पॅड नंतर. पॅनल काढून बघितलं का कुणी?